मूत्रपिंडाच्या पेशींसाठी पॉलिमर तंतूंची जाळी: विणण्यापासून गळतीच्या चाचणीपर्यंत

माणसाच्या एका मूत्रपिंडात सरासरी १० लाख नेफ्रॉन, म्हणजे रक्त गाळणारे सूक्ष्म घटक, असतात आणि २० पेक्षा जास्त प्रकारच्या पेशी. हे सगळं एका जाळीवर उगवायचं ठरवून कामाला लागलात, तर काय जमलं आणि काय फसलं हेही नीट सांगता येणार नाही. म्हणून सुरुवातीला एकच भाग धरा: प्रॉक्झिमल नलिकेची, म्हणजे नेफ्रॉनच्या गाळणीला लागून असलेल्या पहिल्या नलिकेची भिंत. तिथे पेशींचा एकच थर असतो, त्याखाली बेसमेंट मेम्ब्रेन हा पेशींना आधार देणारा प्रथिनांचा पातळ पडदा आणि पलीकडे केशवाहिन्या. दिवसभरात गाळल्या जाणाऱ्या सुमारे १८० लिटर द्रवातलं दोन तृतीयांश पाणी आणि मीठ याच नलिका परत खेचून घेतात. हे काम मोजता येतं, त्यामुळे जाळी चांगली की वाईट याचा निकालही लावता येतो.

आपली जाळी बेसमेंट मेम्ब्रेनच्या जागी बसणार आहे. ती इलेक्ट्रोस्पिनिंगने विणायची, म्हणजे उच्च व्होल्टेजने पॉलिमरच्या द्रावणाची बारीक धार ताणून तिचे तंतू पाडायचे. पेशी तिच्या वर राहिल्या पाहिजेत, द्रव आरपार गेला पाहिजे आणि जाडी १० ते २० मायक्रॉनच्या आत हवी. बहुतेक नवे विद्यार्थी १०० ते २०० मायक्रॉनची जाळी करतात, कारण ती चिमट्याने उचलायला सोपी असते. तिच्यावर पेशी जगतात, फोटोही छान येतात, पण वरचा आणि खालचा द्रव एकमेकांशी बोलतच नाहीत. पुढची सगळी कृती पातळ जाळीसाठी आहे आणि पुण्यातलं काम डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहे.

पॉलिमर आणि द्रावण

पहिल्यांदा पॉलिकॅप्रोलॅक्टोन, म्हणजे पीसीएल घ्या. सरासरी रेणुभार ८०,००० असलेले दाणे मागवा. ४५,००० चे दाणेही मिळतात, पण त्याच प्रमाणात त्यांचे रेणू एकमेकांत पुरेसे गुंतत नाहीत आणि तंतूंऐवजी मणी पडतात. पीसीएल शरीराच्या तापमानाला हळूहळू, दोन-तीन वर्षांत झिजतं. त्यामुळे महिनाभराच्या प्रयोगात जाळी झिजल्याची शंका मनात ठेवायची गरज उरत नाही. वितळणबिंदू मात्र ६० अंश सेल्सिअस आहे. हा आकडा लक्षात ठेवा, तो पुढे वारंवार आडवा येणार आहे.

१० मि.ली. द्रावणासाठी १ ग्रॅम पीसीएल, ७.५ मि.ली. क्लोरोफॉर्म, २.५ मि.ली. मिथेनॉल. दाणे आधी नुसत्या क्लोरोफॉर्ममध्ये टाका, काचेच्या बाटलीत, टेफ्लॉनच्या अस्तराच्या झाकणाखाली, चुंबकी ढवळणीवर तीन-चार तास. द्रावण पूर्ण पारदर्शक झालं की मिथेनॉल थेंबाथेंबाने घाला आणि आणखी तासभर ढवळा. मिथेनॉलमध्ये पीसीएल विरघळत नाही. ते आधी किंवा एकदम ओतलं तर पांढऱ्या गुठळ्या होतात. मग ते घालायचं कशाला? नुसत्या क्लोरोफॉर्मची विद्युतवाहकता फार कमी आहे. मिथेनॉलमुळे ती वाढते, धार नीट ताणली जाते आणि तंतू बारीक होतात.

डायक्लोरोमीथेन स्वस्त आणि लवकर उडणारं म्हणून अनेकांना आवडतं. पण त्याचा उत्कलनबिंदू समुद्रसपाटीला ३९.६ अंश आहे आणि पुण्याच्या साधारण ५६० मीटर उंचीवर तो ३८ च्या आसपास येतो. एप्रिल-मे महिन्यात एसी नसलेल्या खोलीत हा द्रव सिरिंजमध्येच बुडबुडे धरेल. क्लोरोफॉर्मचा ६१ अंशांचा उत्कलनबिंदू इथे परवडतो.

सिरिंज काचेची घ्या. प्लॅस्टिकच्या सिरिंजमधलं रबराचं बूच क्लोरोफॉर्मने फुगतं, पंप अडखळतो आणि प्रवाह झटक्याझटक्याने येतो. पॉलिस्टायरीनची कोणतीही वस्तू या द्रावणाजवळ आणू नका, ती विरघळून चिकटते. नळी हवी असेल तर टेफ्लॉनची.

विणण्याची मांडणी

२२ गेजची बोथट टोकाची सुई, प्रवाह ताशी १ मि.ली., सुईपासून कलेक्टरपर्यंत (तंतू जिथे गोळा होतात तो पत्रा किंवा ड्रम) १५ सें.मी. आणि १५ ते १८ किलोव्होल्ट. कलेक्टरवर ॲल्युमिनियम फॉइल, चकचकीत बाजू वर. ८ सें.मी. व्यासाचा ड्रम असेल तर मिनिटाला ३०० फेरे ठेवा. पृष्ठभागाचा वेग सेकंदाला सव्वा मीटर होतो आणि तंतू सर्व दिशांना पडतात. तंतू एका दिशेत लावायचे तर याच ड्रमला २००० फेऱ्यांच्या आसपास न्यावं लागतं. नलिकेच्या पेशींना त्याची आवश्यकता नाही, स्नायूंच्या कामासाठी ते राखून ठेवा.

व्होल्टेज हळूहळू वाढवा. सुईच्या टोकाला थेंब आधी लोंबतो, मग शंकूसारखा होतो आणि शंकूच्या टोकातून एकच धार निघते. तो शंकू स्थिर राहील इतकंच व्होल्टेज पुरे. शंकू सुईच्या आत ओढला जाऊन धार डोलायला लागली की व्होल्टेज जास्त आहे. थेंब गळायला लागला तर ते कमी आहे किंवा प्रवाह जास्त आहे. एका वेळी एकच बटण फिरवा आणि वहीत लिहा.

सुरक्षेबाबत घाई करू नका. यंत्र फ्यूम हुडात (वाफा ओढून घेणाऱ्या कपाटात) किंवा बाहेर हवा सोडणाऱ्या बंद पेटीत असावं. दार उघडताच वीज बंद होईल असा इंटरलॉक हवा. पुरवठा बंद केल्यावरही सुईवर भार राहतो, म्हणून हात घालण्यापूर्वी अर्थिंगच्या दांड्याने सुई आणि कलेक्टर दोन्हींना स्पर्श करा. मिथेनॉलच्या वाफा ठिणगीने पेट घेऊ शकतात. पुण्यात आणखी एक गोष्ट: खाली बेसाल्टचा कातळ असल्यामुळे अर्थिंगचा रोध मुळात जास्त येतो आणि उन्हाळ्यात खड्डा कोरडा पडला की तो आणखी चढतो. इलेक्ट्रिशियनकडून तो मोजून घ्या, खड्ड्यात पाणी घालायची व्यवस्था ठेवा. कलेक्टरचं अर्थिंग कच्चं असेल तर तंतू फॉइल सोडून पेटीच्या भिंतीवर, सुईच्या धारकावर, कुठेही जाऊन बसतात.

हवामान: इथेच बहुतेक जाळ्या बिघडतात

पेटीतली आर्द्रता ४० ते ५० टक्के ठेवा. पुण्यात वर्षातले फार थोडे दिवस ती आपोआप तेवढी असते.

जुलै ते सप्टेंबर ती ८० च्या वर जाते. क्लोरोफॉर्म उडताना तंतू गार पडतो, हवेतली वाफ त्यावर थिजते आणि तंतूच्या अंगावर खड्डे पडतात. शिवाय दमट हवेत भार निसटतो, त्यामुळे धार पुरेशी ताणली जात नाही. एसी आणि डीह्युमिडिफायर दोन्ही चालू करून, पेटी बंद ठेवून अर्ध्या तासाने विणायला सुरुवात करा. पेटीत कोपऱ्यात स्वस्तातला आर्द्रतामापक लावा. खोलीतला आकडा पेटीतल्या हवेबद्दल फारसं सांगत नाही.

एप्रिलच्या दुपारी उलटं होतं. हवा इतकी कोरडी असते की द्रावण सुईच्या टोकावरच सुकतं, पांढरी शेंडी वाढते आणि दर दोन मिनिटांनी पुसावं लागतं. सकाळी लवकर विणा, नाहीतर मिथेनॉल वगळून क्लोरोफॉर्म आणि डीएमएफ (डायमिथाइलफॉर्मामाइड) ७:३ घ्या. डीएमएफ १५३ अंशांना उकळतं, त्यामुळे टोक ओलं राहतं. त्याची किंमत पुढे मोजावी लागते: ते जाळीत रेंगाळतं आणि पेशींना मारतं, म्हणून व्हॅक्यूममध्ये २४ ऐवजी ४८ तास ठेवणं आलं. डीएमएफ त्वचेतून शरीरात जातं आणि गर्भाला घातक आहे. गर्भवती सहकाऱ्यांना या कामापासून लांब ठेवा.

जाडीचा हिशोब

मायक्रोमीटरने मऊ जाळीची जाडी मोजली तर ती दाबली जाते आणि आकडा कमी येतो. वजनावरून काढा. पीसीएलची घनता १.१४५ ग्रॅम प्रति घन सें.मी. आहे. जाळी ८५ टक्के पोकळ धरली तर तिची घनता ०.१७२ येते. म्हणजे १५ मायक्रॉन जाडीसाठी दर चौरस सें.मी.ला ०.२६ मिलिग्रॅम, आणि १० × १० सें.मी.च्या फॉइलवर २६ मिलिग्रॅम.

१० टक्के द्रावण ताशी १ मि.ली. दराने तासाला १०० मिलिग्रॅम पॉलिमर सोडतं. सगळं फॉइलवर पडलं असतं तर १६ मिनिटं पुरली असती. प्रत्यक्षात काही तंतू भरकटतात. सत्तर टक्के पडत असतील तर २२ मिनिटं लागतील. फॉइलचं वजन आधी आणि नंतर, वाळवल्यावर, ०.१ मिलिग्रॅमच्या काट्यावर करा आणि आपल्या यंत्राची टक्केवारी शोधून काढा. एकदा ती कळली की वेळेवरून जाडी ठरवता येते. फॉइलच्या कडेचे दोन सें.मी. वापरू नका, तिथे जाळी विरळ असते.

सूक्ष्मदर्शकाखाली काय दिसतं

प्रत्येक जाळीचा तुकडा सोन्याचा मुलामा देऊन एसईएमखाली (स्कॅनिंग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली) बघा, ५ ते १० किलोव्होल्टवर. त्याहून जास्त ताकदीच्या झोतात पीसीएल डोळ्यांदेखत वितळतं. निदान १०० तंतूंचे व्यास इमेजजे या सॉफ्टवेअरमध्ये मोजा. वरच्या कृतीने व्यास साधारण अर्धा ते एक मायक्रॉन यायला हवा.

दोरीत ओवल्यासारखे मणी दिसत असतील तर पॉलिमर कमी पडतंय: १० वरून ११, मग १२ टक्के करा. तंतू चपटे आणि जिथे एकमेकांना ओलांडतात तिथे चिकटलेले असतील, तर ते ओले पोचले आहेत. अंतर १८ सें.मी. करा किंवा प्रवाह ०.८ वर आणा. मधेच मोठे थेंब पडून जाळीला भोकं दिसत असतील तर सुई तुंबून सुटली आहे. ही जाळी पूर्ण टाकून द्या, कारण एवढंसं भोकसुद्धा गळतीच्या चाचणीचा निकाल फिरवतं.

अर्ध्या मायक्रॉनच्या तंतूंमधली छिद्रं एक ते तीन मायक्रॉनची असतात आणि पेशी १० ते १५ मायक्रॉनची. पेशी आत शिरत नाहीत, वर पसरतात. आपल्याला तेच हवं आहे. पुढे कधी जाळीच्या आत पेशी भरायच्या असतील तर तंतू पाच-दहा मायक्रॉन जाड करा, किंवा पॉलिइथिलीन ऑक्साइडचे तंतू सोबत विणून नंतर पाण्याने धुऊन टाका. या दोन कामांना एकच जाळी चालत नाही.

रिंगवर चढवणं

व्हॅक्यूम डेसिकेटरमध्ये खोलीच्या तापमानाला २४ तास वाळवा. ओव्हनचा विचारच करू नका.

१५ मायक्रॉनची जाळी सुटी उचलायला गेलात तर ती स्वतःभोवती गुंडाळते. म्हणून फॉइलवर असतानाच रिंग लावायची. १२ मि.मी.चे तयार कल्चर इन्सर्ट, म्हणजे तळाला पडदा असलेल्या छोट्या वाट्या घ्या, स्काल्पेलने त्यांचा मूळ पडदा कापून काढा, कडेला मेडिकल ग्रेड सिलिकॉनचा केसाएवढा थर लावा आणि जाळीवर हलकेच टेकवा. २४ तास तसंच राहू द्या. मग ७० टक्के इथेनॉलने भिजवलं की फॉइल अलगद सुटते. पुण्याच्या बोहरी आळीत मिळणारं बाथरूमचं सीलंट इथे चालणार नाही. त्यात बुरशीनाशक असतं आणि पेशी दुसऱ्याच दिवशी मरतात. ॲक्रिलिकची पेटी, स्क्रू, ओ-रिंगचे नमुने यासाठी मात्र आळीत जरूर जा.

पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या बाजूने गणेशखिंडीकडे, किंवा कुठेही, नमुने दुचाकीवरून नेत असाल तर ते डिकीत ठेवू नका. मे महिन्याच्या उन्हात डिकी ५० अंशांपुढे सहज जाते आणि तंतू आकसून एकमेकांना चिकटतात. थर्मोकोलचा डबा पाठीवरच्या सॅकमध्ये ठेवा.

निर्जंतुकीकरण आणि लेप

ऑटोक्लेव्ह, म्हणजे वाफेने निर्जंतुक करणारं यंत्र, १२१ अंशांचा, म्हणजे जाळीचा गोळा होणार. त्याऐवजी हा क्रम धरा: हवेच्या प्लाझ्मात (विजेने आयनित केलेल्या हवेत) १ मिनिट, ७० टक्के इथेनॉलमध्ये तासभर, लॅमिनार हुडात (निर्जंतुक हवेच्या कपाटात) पीबीएसचे, म्हणजे फॉस्फेट बफर घातलेल्या मिठाच्या पाण्याचे, तीन धुवे. पीसीएलची जाळी पाणी झिडकारते. प्लाझ्माने ती ओली होते, पण तो परिणाम दिवसागणिक उतरतो, म्हणून त्याच दिवशी पुढचं काम करा. प्लाझ्मा यंत्र नसेल तर अर्धा मोलर सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये अर्धा तास, मग पाण्याने पीएच सात येईपर्यंत धुवा. जाडी कमी असल्याने जास्त वेळ ठेवू नका, अल्कली तंतूच खाते. एकदा भिजलेली जाळी पुन्हा सुकू देऊ नका. तंतूंमध्ये हवा अडकली की मीडियम, म्हणजे पेशींचं पोषक द्रावण, तिथे पोचत नाही.

आता लेप. बेसमेंट मेम्ब्रेनमध्ये मुख्यतः कॉलेजन-४ आणि लॅमिनिन असतं. दर चौरस सें.मी.ला कॉलेजन-४ सुमारे ५ मायक्रोग्रॅम आणि लॅमिनिन १ ते २ मायक्रोग्रॅम, ३७ अंशांना दोन तास. लॅमिनिनची बाटली रात्रभर ४ अंशांवर वितळू द्या. टेबलावर ठेवून घाईने वितळवली तर त्याच्या गुठळ्या होतात आणि महागडं प्रथिन वाया जातं. पैशांची ओढाताण असेल तर आधी जिलेटीनचा लेप करून हात बसवा, पण अंतिम प्रयोग त्यावर करू नका.

पेशी

आरपीटीईसी-टर्ट१ ही मानवी प्रॉक्झिमल नलिकेची पेशीरेषा (प्रयोगशाळेत वाढवत ठेवलेल्या पेशींची ओळ) या कामाला सर्वांत योग्य. एचके-२ ही ओळखीची आणि वाढवायला सोपी, पण तिचा थर घट्ट होत नाही आणि औषधं वाहून नेणारे काही महत्त्वाचे वाहक, ओएटी१ आणि ओएटी३, तिच्यात नसतात. एमडीसीके कुत्र्याची आणि नलिकेच्या पुढच्या भागाची. थर घट्ट बनतो म्हणून सरावाला उत्तम. एचईके-२९३ नावात मूत्रपिंड असलं तरी नलिकेच्या पेशींसारखं वागत नाही, ती घेऊ नका. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या आवारात नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्सचं पेशी भांडार आहे. उपलब्ध रेषांची यादी पाहून संस्थेच्या पत्रावर मागणी करता येते. पेशी आल्यावर पहिलं काम मायकोप्लाझ्माची, म्हणजे पेशींना नकळत लागणाऱ्या सूक्ष्म जिवाणूंची चाचणी. स्टेम सेलकडे वळायचं असेल तर २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार संस्थेच्या स्टेम सेल समितीची परवानगी आधी घ्या.

दर चौरस सें.मी.ला १ लाख पेशी पेरा. १.१२ चौरस सें.मी.च्या इन्सर्टसाठी १.१ लाख पेशी अर्धा मि.ली. मीडियममध्ये वर, आणि खाली दीड मि.ली. रात्रभर हलवू नका. मीडियम सीरमशिवाय: डीएमईएम आणि हॅम्स एफ-१२ ही दोन तयार पोषक द्रावणं समप्रमाणात, त्यात इन्सुलिन आणि ट्रान्सफेरिन प्रत्येकी ५ मायक्रोग्रॅम, सेलेनियम ५ नॅनोग्रॅम, हायड्रोकॉर्टिसोन ३६ नॅनोग्रॅम, ईजीएफ (पेशींच्या वाढीचं प्रथिन) १० नॅनोग्रॅम, सगळं दर मि.ली.ला. सीरम घातलं तर पेशी वेगाने वाढतात, पण नलिकेची लक्षणं विसरतात. थर भरल्यावर १० ते १४ दिवस थांबा, दोन-तीन दिवसांनी मीडियम बदला. लांबलेल्या प्रयोगात पुण्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाण्याची शक्यता धरून इनक्युबेटर यूपीएसवर ठेवा.

चाचण्या

पेशी जिवंत आहेत एवढ्याने जाळी पास होत नाही. रेझाझुरिनने (जिवंत पेशींमुळे रंग बदलणाऱ्या द्रव्याने) जिवंतपणा मोजा, पण पेशी नसलेली जाळी सोबत ठेवा, कारण तंतू रंग शोषतात.

खरी परीक्षा गळतीची. वरच्या बाजूला फ्लोरेसिन हा चमकणारा रंग लावलेलं इन्युलिन (साखरेच्या साखळीचा मोठा रेणू) घाला, खालून ठराविक वेळाने नमुने घ्या. मोकळ्या जाळीतून ते सहज खाली गेलं पाहिजे आणि पेशींच्या थराने त्याला रोखलं पाहिजे. मोकळ्या जाळीतूनच जात नसेल तर तुम्ही जाळीची जाडी मोजताय, पेशींचं काम मोजत नाही. उलट पेशी छान भरूनही गळत असेल तर आधी कड तपासा. रिंगच्या काठाला सिलिकॉन सुटलेलं असतं, किंवा काठाच्या ओहोळात पेशी चढलेल्या नसतात.

थराच्या आरपार विद्युतरोधही मोजा. समजा पेशींसह रीडिंग १६५ ओहम आणि मोकळ्या जाळीचं १२० आलं. फरक ४५, गुणिले १.१२, म्हणजे ५० ओहम चौरस सें.मी. प्रॉक्झिमल नलिका मुळातच झिरपती असते, त्यामुळे आकडा लहान येणारच. हजाराच्या घरात आकडा आला तर आनंदून जाऊ नका, पेशी खरंच प्रॉक्झिमल आहेत का ते तपासा.

मग पेशींना वरची-खालची बाजू समजली आहे का ते ठरावीक प्रथिनं रंगवून बघा: झेडओ-१ पेशींच्या सीमेवर अखंड जाळं करतं, सोडियम-पोटॅशियम एटीपेज तळाशी आणि बाजूंना, ॲक्वापोरिन-१ वरच्या केसाळ कडेलाही दिसायला हवं. ४ टक्के पॅराफॉर्मल्डिहाइडने स्थिर करा. ॲसिटोन नको, त्याने तंतू फुगतात. आडवे छेद हवे असतील तर हिस्टॉलॉजीच्या नेहमीच्या मार्गाला नमुना पाठवू नका: झायलीन पीसीएल विरघळवतं आणि वितळलेलं मेण साठ अंशांच्या जवळ असतं. नमुना ओसीटीमध्ये (गोठवण्यासाठीच्या जेलमध्ये) गोठवून क्रायोस्टॅटवर, म्हणजे गारठ्यात छेद घेणाऱ्या यंत्रावर, १० मायक्रॉनचे छेद घ्या.

प्रवाह

स्थिर मीडियममध्ये थर नीट जमला की मगच प्रवाहाकडे जा. नलिकेतल्या पेशींना द्रवाचं घर्षण लागतं, त्याने त्यांच्या वरच्या कडेचे सूक्ष्म केस आणि अल्ब्युमिन आत घेण्याची क्षमता वाढते. सपाट खोबणीत घर्षण = ६ × चिकटपणा × प्रवाह ÷ (रुंदी × उंचीचा वर्ग). खोबण १ सें.मी. रुंद आणि अर्धा मि.मी. उंच, मीडियमचा चिकटपणा ०.००७५ पॉइज आणि हवं असलेलं घर्षण ०.२ डाइन प्रति चौरस सें.मी. धरलं, तर प्रवाह मिनिटाला सुमारे ०.६७ मि.ली. येतो. दिवसभरात टप्प्याटप्प्याने तिथपर्यंत वाढवा. पेरिस्टाल्टिक पंपाचे हेलकावे दाबण्यासाठी वाटेत हवेची छोटी बाटली ठेवा. पंपाआधी मीडियम ३७ अंशांना गरम करून बुडबुडे काढून घ्या. एक बुडबुडा जाळीवरून सरकला की त्याच्या वाटेतल्या पेशी सोलून निघतात, आणि दुसऱ्या दिवशीची गळतीची चाचणी ते लगेच दाखवते.